तपकिरी निओडिमियम

काळमेघ सरांनी टाइप केलेला कागद प्रेमिलापुढे सरकवला, त्यावर आपलं पेन ठेवलं आणि ते मोबाइल बघत बसले.

कागदावर चारच ओळी होत्या. मी, प्रेमिला धम्मानंद रंगारी, एम.एस्सी. द्वितीय वर्ष, रसायनशास्त्र, असं लिहून देते की माझ्या प्रकल्पात दाखवलेलं निओडिमियम ऑक्साइड मी स्वतः तयार केलेलं नसून बाजारातून आणलेलं आहे. प्रकल्प मी मागे घेत आहे. मला नवीन विषय मिळावा ही विनंती.

प्रेमिलानं तो कागद दोनदा वाचला. मग पेन उचललं, टोपण लावलं आणि सरांच्या बाजूला ठेवून दिलं.

"सर, हे खरं नाही."

"रंगारी मॅडम," सर मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "मी तुमच्या भल्यासाठी सांगतो आहे. बाहेरच्या परीक्षकांनी पकडलं तर वर्ष जाईल. हळदीचा एक सोपा विषय आहे, महिनाभरात होऊन जातो."

"पण मी ते विकत आणलंच नाही."

आता सरांनी मोबाइल ठेवला. विभागप्रमुख होऊन त्यांना सात वर्षं झाली होती आणि या खोलीत सहसा कोणी दुसऱ्यांदा नाही म्हणत नसे. त्यांनी तिचा प्रकल्प उघडला आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथं एकाच बाटलीचे दोन फोटो होते. एकात द्रावण जांभळट गुलाबी दिसत होतं, दुसऱ्यात फिकट निळं. खाली लिहिलं होतं, 'निओडिमियम क्लोराइड'.

"एकच द्रावण दोन रंगांचं? आणि शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के? माझा पीएचडीचा विद्यार्थी दोन वर्षं हेच करतो आहे, पंच्याऐंशीच्या वर गेला नाही. तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत येऊन अठ्ठ्याण्णव काढलं. कोणी पाहिलं?"

"रामाजी होते रोज."

"प्रयोगशाळा परिचराची साक्ष मी विद्यापीठाला पाठवू?" सर हसले. "तुमच्या घरी भंगाराचा धंदा आहे. तिथं काय येतं, कुठून येतं, मला काय कळणार?"

धंदा होता, आणि प्रेमिलानं तो कधी लपवला नव्हता. सक्करदऱ्याच्या पुढं तिच्या नवऱ्याचं, धम्मानंदचं, टिनाचं शेड होतं. बँकांतले, शाळांतले, दवाखान्यांतले मेलेले कॉम्प्युटर तिथं येत. धम्मानंद वायरी आणि बोर्ड वेगळे करी आणि हार्ड डिस्क खोलायचं काम गेली बारा वर्षं प्रेमिलाकडे होतं. प्रत्येक डिस्कच्या कोपऱ्यात पोलादी पट्टीला चिकटलेली, चंद्रकोरीसारखी दोन चकचकीत चुंबकं असतात. एकदा त्या दोघांच्या मधे तिचा अंगठा सापडला होता. नखाखाली रक्त साकळलं आणि ते नख पुढं दोन महिन्यांनी गळून पडलं. तांबं घेणारे होते, ॲल्युमिनियम घेणारे होते. चुंबकं मात्र कोणाला नको असत. शेडमधल्या लोखंडी कपाटाला ती चिकटवून ठेवता ठेवता कपाटाचा दरवाजा उघडेनासा झाला.

बी.एस्सी. झाल्यावर लगेच लग्न झालेल्या प्रेमिलानं एके दिवशी पोरीच्या मोबाइलवर शोधलं, या चुंबकात असतं तरी काय. लोखंड, जरासं बोरॉन, आणि जवळजवळ एक तृतीयांश निओडिमियम. हे नाव तिनं बी.एस्सी.च्या पुस्तकात आवर्त सारणीच्या खाली, वेगळ्या काढलेल्या दोन ओळींतल्या वरच्या ओळीत पाहिलं होतं. परीक्षेला ती ओळ येत नाही म्हणून मास्तरांनी ती शिकवलीच नव्हती. पोरगी आठवीत गेली तेव्हा पस्तिसाव्या वर्षी प्रेमिलानं एम.एस्सी.चा फॉर्म भरला. वर्गातली पोरं आधी तिला मावशी म्हणाली, मग तिच्या वह्या मागायला लागल्यावर ताई म्हणू लागली.

"सर," ती म्हणाली, "मी पुन्हा करून दाखवते. तुमच्यासमोर. हार्ड डिस्क तुम्ही निवडा. कुलूप तुम्ही लावा. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक येणारच आहेत, त्यांनाही बघू द्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी या कागदावर सही करते."

काळमेघ सरांनी खुर्चीला पाठ टेकवली. "अर्ज लिहून द्या तसा," ते म्हणाले.

तिनं तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहून दिला.

बाहेर व्हरांड्यात भोयर मॅडम वाट बघत होत्या. मिनल भोयर प्रेमिलाच्या मार्गदर्शक होत्या, वयानं तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या. दर जूनमध्ये त्यांची नेमणूक पुन्हा काळमेघ सरांच्या सहीनं होत असे.

"ताई, तुम्ही असं का लिहून दिलं?" त्यांनी विचारलं. "एक जरी पायरी चुकली तरी संपलं. हळदीचा विषय घेतला असता तर डिग्री तर हातात आली असती."

"मॅडम, तुम्ही माझी वही दर आठवड्याला तपासली आहे. तुम्हाला वाटतं मी आणलं बाजारातून?"

"नाही."

"मग तेवढं सरांना सांगाल?"

भोयर मॅडम खाली बघू लागल्या. प्रेमिलाला राग आला, पण पुढच्या जूनचा विचार करून तिनं तो गिळला.

घरी तिनं सगळं सांगितलं तेव्हा धम्मानंद पंखा खोलून बसला होता. स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरूनच त्यानं ऐकलं.

"अन् सही करून टाकली असती तं काय झालं असतं?" त्यानं विचारलं.

"मग मी चोर झाली असती. कागदावर."

"तू चोर नाही हे मले माहीत हाय, तुले माहीत हाय."

"सरले माहीत नाही ना. अन् उद्या पोरगी त्याच कॉलेजात गेली तं तिले काय सांगतीन ते? तुही माय ते बाजारातून पावडर आणनारी?"

धम्मानंदनं तोंडातला स्क्रू ड्रायव्हर काढला. "काहून घाबरून राहिली मंग? बारा वर्सं हार्ड डिस्क खोलून राहिली तू. त्या सरनं एक तरी खोलली हाय का?"

"खोलनं सोपं हाय हो. पुढचं अवघड हाय."

सोमवारी काळमेघ सरांनी कॉलेजच्या ऑफिसातून एक जुनी हार्ड डिस्क मागवली आणि तिच्यावर स्वतःची सही केलेली चिठ्ठी चिकटवली. प्रयोगशाळेची किल्ली रामाजींकडे दिली. रामाजी पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. तीस वर्षं बीकर धुवून त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती.

डिस्क खोलायला प्रेमिलाला चार मिनिटं लागली. चुंबकं तिनं पोलादी पट्टीपासून उचकटली आणि भट्टीत तापवली. सव्वातीनशे अंशांच्या आसपास या चुंबकांमधलं सगळं चुंबकत्व निघून जातं. भट्टीतून काढून ती थंड केली तेव्हा खिळ्यालाही चिकटत नव्हती. वरचा निकेलचा मुलामा तिनं फोडून काढला, राहिलेला काळपट तुकडा खलात कुटला आणि वाफा ओढून घेणाऱ्या हूडखाली पातळ सल्फ्युरिक आम्लात टाकला. बुडबुड्यांचा फेस वर आला. संध्याकाळपर्यंत तुकडे विरले आणि बीकरमध्ये हिरवं पाणी राहिलं. हिरवा रंग लोखंडाचा. निओडिमियमही त्यातच होतं, पण एवढ्या लोखंडात ते दिसणं शक्य नव्हतं.

रामाजींनी कुलूप लावलं आणि किल्ली सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मंगळवारची पायरी सगळ्यात महत्त्वाची होती. हिरव्या द्रावणात सोडियम सल्फेट घातलं की निओडिमियम त्याच्याशी जोडी करून फिकट गुलाबी भुकटी होऊन खाली बसतं आणि लोखंड वरच्या पाण्यात राहतं. मे महिन्यात प्रेमिलानं हे सहा वेळा केलं होतं. दर वेळी दहा मिनिटांत बीकरचा तळ झाकला गेला होता.

सकाळी साडेनऊला तिनं सोडियम सल्फेट घातलं. काळमेघ सर, भोयर मॅडम आणि परीक्षक म्हणून आलेल्या पुष्पलता मॅडम समोर उभे होते. पुष्पलता मॅडम अमरावतीकडच्या होत्या, साठीला आलेल्या, स्वेटर घालून आणि डोक्याला स्कार्फ बांधून. अख्खा जन्म अकार्बनी रसायनशास्त्र शिकवलेल्या त्या बाई फारसं बोलत नव्हत्या.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. द्रावण जरासं गढुळलं, पण तळ रिकामाच राहिला. प्रेमिलानं काचेची कांडी बीकरच्या कडेला घासली. काही नाही. तिनं आणखी सोडियम सल्फेट घातलं. काही नाही.

"मे महिन्यात पडत होतं ना?" काळमेघ सरांनी विचारलं. "आज आम्ही उभे आहोत म्हणून लाजतंय वाटतं."

पुष्पलता मॅडमनी घड्याळ बघितलं. "मी जरा प्रॅक्टिकलच्या मुलांकडे जाऊन येते. दीडला परत येईन."

"दीडपर्यंत," सर प्रेमिलाला म्हणाले. "कागद माझ्या टेबलावर आहे."

सगळे गेल्यावर प्रेमिला स्टुलावर बसली. तिचे हात गार पडले होते. जानेवारीचा दुसरा आठवडा होता, त्या दिवशी पहाटे पारा नऊ अंशांवर उतरला होता आणि प्रयोगशाळेची उत्तरेकडची खिडकी नीट लागत नव्हती. आपण आम्ल जास्त घातलं का? वजन चुकलं का? सरांनी दिलेल्या डिस्कमधलं चुंबक वेगळं तर नाही? एकेक शंका काढत ती तिन्हींशी भांडली आणि तिन्ही खोडून काढल्या. मग तिनं आपली वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

नऊ मे, छान पडलं. बारा मे, छान पडलं. सोळा, एकोणीस, बावीस, सव्वीस. मग दिवाळीनंतर एकदा, चार डिसेंबर: 'उतारा फार कमी. हात घाईत चालला असावा. पुन्हा करणे.' ते तिनं पुन्हा केलं नव्हतं. आपलाच हलगर्जीपणा समजून ती पान उलटून पुढं गेली होती.

तिनं त्या तारखांवरून पुन्हा बोट फिरवलं. मे महिन्यात ही प्रयोगशाळा भट्टीसारखी असते. वरचा स्लॅब तापतो, आणि भुकटी उडू नये म्हणून ती पंखे बंद ठेवायची. आम्लाची बाटली हाताला कोमट लागायची.

"रामाजी," तिनं हाक मारली, "पाण्याचं भांडं ठेवता का गॅसवर?"

"चहा मांडून राहिल्या का बाई?"

"नाही. हे बीकर त्यात ठेवायचं आहे. ऐंशी अंशांपर्यंत तापवायचं."

ते ऐकत दारात काळमेघ सर उभे होते. ते आत आले. "रंगारी मॅडम, गरम केलं तर जे पडलं आहे तेही विरघळेल. साखर गरम चहात जास्त विरघळते की थंड? हे आता बारावीच्या पोरांना विचारा."

"सर, साखर तशी विरघळते. याचं उलटं असावं."

"असावं म्हणजे? कुठल्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात नाही वाचलं, माझ्या वहीत वाचलं," प्रेमिला म्हणाली. "नाहीतरी दीडपर्यंत वेळ माझा आहे."

तिनं बीकर गरम पाण्यात ठेवलं आणि थर्मामीटर आत सोडला. तीस. चाळीस. पन्नास अंशांना द्रावणात धुकं दाटल्यासारखं झालं. साठला त्याचे कण दिसायला लागले. सत्तरच्या पुढं ते कण कांडीभोवती गरगरत खाली यायला लागले आणि तळाशी फिकट गुलाबी थर जमू लागला, आधी कागदाएवढा, मग बोटाच्या पेराएवढा. रामाजी गॅसजवळ वाकून बघत होते.

"बसलं बाई खाली," ते म्हणाले. "मे महिन्यात बसत होतं तसंच बसलं."

काळमेघ सर निघून गेले. दीडला पुष्पलता मॅडम आल्या, त्यांनी बीकर उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "तापवलं का?"

"हो मॅडम. थंडीत पडत नव्हतं."

"हं. या कुटुंबातल्या सल्फेटांचं असंच असतं. गरम पाण्यात कमी विरघळतात." त्यांनी बीकर खाली ठेवलं. "सकाळी मी मुद्दाम बोलले नाही. परीक्षकानं बोलायचं नसतं."

प्रेमिलाला त्या बाईचा क्षणभर राग आला आणि पुढच्याच क्षणी बरं वाटलं. कोणी सांगितलं असतं तर सरांनी त्याचं श्रेय तिला दिलं नसतं.

बुधवारी तिनं ती गुलाबी भुकटी कॉस्टिक सोड्यात ढवळून तिचं हायड्रॉक्साइड केलं, पाच वेळा धुतलं आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलं. बाटलीतलं द्रावण खिडकीशी जांभळट गुलाबी दिसत होतं. सर बघत असताना ती बाटली घेऊन आतल्या बाजूच्या ट्यूबलाइटखाली गेली. तिथं द्रावण फिकट निळं दिसू लागलं. परत खिडकीशी आली, परत गुलाबी. निओडिमियम पिवळ्या उजेडाचा एक बारीक पट्टा शोषून घेतं. उन्हात सगळे रंग असतात, ट्यूबलाइटमध्ये मोजकेच, त्यामुळे डोळ्यांपर्यंत उरतं ते दर ठिकाणी निराळं असतं.

"फोटो एकाच बाटलीचे आहेत सर," ती म्हणाली. "एक सकाळी खिडकीत काढला, एक संध्याकाळी आत."

सरांनी बाटली स्वतःच्या हातात घेऊन दोनदा ये-जा केली. मग म्हणाले, "पुढं चला."

पुढं तिनं ऑक्झॅलिक आम्ल घातलं, पुन्हा भुकटी पाडली, गाळली आणि चिनीमातीच्या मुशीत भरून नऊशे अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवली. गुरुवारी सकाळी पुष्पलता मॅडमनी आपल्या हातानं मुशीचं झाकण काढलं.

आतली पूड तपकिरी होती.

"निओडिमियम ऑक्साइड निळसर असतं," पुष्पलता मॅडम म्हणाल्या. "हे भुरकं कशानं?"

काळमेघ सर पुढं सरकले. "म्हणजे हे निओडिमियम ऑक्साइड नाहीच. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतो आहे."

"सर, तुम्ही म्हणत होता की मी विकत आणलं," प्रेमिला म्हणाली. "बाजारातली पूड शुद्ध असते, निळसर असते. माझी पहिल्यापासून तपकिरीच आहे. प्रकल्पात पान एकेचाळीसवर लिहिलं आहे."

पुष्पलता मॅडमनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "'रंग फिकट तपकिरी. लोखंडाचा अंश राहिला असावा.'" त्यांनी सरांकडे बघितलं. "तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

सरांनी मान वाकवून ते पान बघितलं.

"लोखंड आहे का ते तपासून बघा," मॅडम प्रेमिलाला म्हणाल्या.

तिनं चिमूटभर पूड परीक्षानळीत घेतली आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं. पूड विरघळू लागली तसा नळीतून ब्लीचिंग पावडरसारखा वास आला. हा वास तिला मे महिन्यातही आला होता. तेव्हा तिला वाटलं होतं की खालच्या संडासात पावडर टाकली असेल. मग तिनं थायोसायनेटचे थेंब टाकले. लोखंड असतं तर नळी रक्तासारखी लाल झाली असती. नळीचा रंग बदलला नाही.

म्हणजे लोखंड नव्हतं. पान एकेचाळीसवर तिनं चूक लिहिलं होतं.

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. लोखंड नाही, तर तपकिरी काय? आणि हा वास क्लोरीनचा. आम्लातून क्लोरीन काढायला ज्यात प्राणवायू जास्तीचा असतो असं ऑक्साइड लागतं. निओडिमियम तसं करत नाही. मग तिला आठवली ती परीक्षेला न येणारी ओळ. निओडिमियमच्या डाव्या हाताला, लागून बसलेला शेजारी.

"मॅडम, प्रॅसिओडिमियम," ती हळूच म्हणाली. "त्याचं ऑक्साइड काळपट तपकिरी असतं, आणि ते आम्लातून क्लोरीन काढतं. दोघं एकत्र सापडतात. पूर्वी लोकांना वाटायचं एकच मूलद्रव्य आहे, त्याला जुळं असं नाव होतं. चुंबक करणाऱ्यांनी ते वेगळं काढलंच नसेल."

"वाटतं म्हणून चालणार नाही. दाखवा."

प्रेमिलानं तपकिरी पुडीचं द्रावण, कोणता रंग किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवलं. हे यंत्र भोयर मॅडमच्या ताब्यात होतं. त्या आल्या, यंत्र चालू केलं आणि पडद्यावर रेघ वर-खाली सरकू लागली. पाचशे पंच्याहत्तर नॅनोमीटरला मोठा शेंडा आला, तो निओडिमियमचा. चारशे चव्वेचाळीसला आणखी एक शेंडा आला, लहान पण स्पष्ट. तो निओडिमियमचा नव्हता.

"प्रॅसिओडिमियमच आहे," भोयर मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून त्या काळमेघ सरांकडे वळल्या. "सर, मी ताईंची वही दर शनिवारी तपासली आहे. सगळ्या तारखा आणि माझ्या सह्या आहेत. त्यांनी हे स्वतःच केलेलं आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

सरांनी मान वर केली. भोयर मॅडमनी नजर वळवली नाही.

प्रेमिलानं आपला प्रकल्प टेबलावर उघडला. पान एकेचाळीसवरची लोखंडाची ओळ तिनं पेनानं खोडली. मग पान बावन्न काढलं. तिथं लिहिलं होतं, 'निओडिमियमची शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के'. तीही ओळ तिनं खोडली. शुद्धता मोजायच्या तिच्या अनुमापनात दोन्ही धातू एकसारखेच मोजले गेले होते आणि तिनं ती बेरीज एकट्या निओडिमियमच्या नावावर लिहिली होती. बाजूला तिनं नवीन ओळ लिहिली: 'दोन्ही मिळून अठ्ठ्याण्णव. त्यात साधारण पाचवा हिस्सा प्रॅसिओडिमियम.' खाली सही आणि तारीख.

काळमेघ सर पुढं झाले. "म्हणजे आकडा चुकीचा होता हे तुम्ही मान्य करता."

"करते."

"मग तेवढ्यावर प्रकल्प मागे घ्या. तो कागद आहेच."

"सर, त्या कागदावर लिहिलं आहे की मी बाजारातून आणलं," प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या पोरांनाही तो ऐकू गेला. "माझी चूक होती ती मी सगळ्यांसमोर खोडली. जी मी केलीच नाही ती मी लिहून देणार नाही. आज नाही, आणि तुम्ही वर्षभर बसवून ठेवलं तरी नाही."

"अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, हे लक्षात आहे ना?"

"आहे सर. जे द्यायचे ते द्या. त्याचं कारण मी लेखी मागेन."

पुष्पलता मॅडमनी स्कार्फची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "माझा शेरा मी आजच देऊन जाते," त्या म्हणाल्या. प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर त्यांनी काहीतरी लिहिलं, सही केली आणि प्रकल्प प्रेमिलाकडे न देता काळमेघ सरांच्या हातात दिला. "आणि हिला म्हणावं, ते दोघं वेगळे करायला शीक. खरं काम तिथून सुरू होतं."

त्या संध्याकाळी धम्मानंदनं शेडमध्ये विचारलं, "झालं का?"

"झालं. पन माहा आकडा चुकला होता."

"मंग?"

"मंग मीनंच खोडला." तिनं ओट्यावर बसून चपला काढल्या. "दुसरा धातू निघाला आतमंदी. जुळा भाऊ त्याचा."

"म्हणजे आपल्या कपाटाले दोन-दोन चिकटून हायेत?"

"हो. अन् आता दोघाले अलग करायचं हाय. लई चिवट हायेत म्हन्ते."

"तुह्यापेक्षा?" धम्मानंद म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

निकाल मे महिन्याच्या शेवटी लागला. पुष्पलता मॅडमनी शंभरपैकी एक्क्याण्णव दिले होते. काळमेघ सरांनी अंतर्गत पन्नासपैकी एकवीस, म्हणजे नापास होणार नाही एवढेच. भोयर मॅडमच्या नेमणुकीचं पत्र जूनमध्ये निघालं नाही. प्रताप नगरातल्या एका शिकवणी वर्गात त्या शिकवू लागल्या. प्रेमिला त्यांच्याकडे दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा मॅडमनी काळमेघ सरांचं नावही काढलं नाही, फक्त जुळ्यांना वेगळं करायच्या पद्धतीबद्दल बोलत राहिल्या आणि उठताना एक जाडजूड पुस्तक दिलं.

पहिल्या पावसानं रस्ते चिखलानं भरले होते त्या सोमवारी प्रेमिला परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभी राहिली. तिच्या हातात दोन अर्ज होते. एकात तिनं लिहिलं होतं की अंतर्गत पन्नासपैकी एकवीस गुण कोणत्या निकषांवर दिले, त्याचा तपशील मिळावा. दुसरा पीएचडीच्या नोंदणीचा होता. विषय होता, टाकाऊ चुंबकांतील निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम यांचं विलगीकरण.

खिडकीमागच्या बाबूनं पहिला अर्ज वाचला. "काळमेघ सरांविरुद्ध आहे हे?"

"विरुद्ध नाही. तपशील मागितला आहे."

"ठेवून जा. बघू."

"पोच द्या."

"मॅडम, मागं लाईन लागली आहे."

"लागू द्या," प्रेमिला म्हणाली. अर्जाची दुसरी प्रत तिनं खिडकीच्या लाकडी फळीवर ठेवली, बोटानं सरळ केली आणि बाबू शिक्का शोधेपर्यंत तिथून हलली नाही.